डावीकडून तिसरी

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळी साडेअकरा वाजता, आमच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात क्रीडा गौरव दालनाचं उद्घाटन झालं. दालनात चौदा फ्रेमा आहेत. अकरा खेळाडूंच्या आणि संघांच्या, तीन प्रशिक्षकांच्या. नवव्या फ्रेममध्ये महिला कबड्डी संघाचा फोटो आहे. त्यात मागच्या रांगेत डावीकडून तिसऱ्या उभ्या असलेल्या खेळाडूचा चेहरा एकीचा आहे आणि खाली लिहिलेलं नाव दुसरीचं आहे.

फ्रेमांखालचा मजकूर मी लिहिला. त्या नावाबद्दल मला तेव्हा माहीत होतं. तेहेतीस वर्षांपूर्वीही माहीत होतं.

गाव आणि महाविद्यालय सांगत नाही. माणसांची नावंही देत नाही. जिचा चेहरा आहे तिला इथे चढाईपटू म्हणतो. जिचं नाव आहे ती आता एका सरकारी कार्यालयात कारकून आहे, तिला कारकून म्हणतो. प्रशिक्षकांना सगळा जिल्हा सर म्हणतो, मीही तेच म्हणतो.

ऑगस्टमध्ये प्राचार्यांचा फोन आला. वर्षअखेरीनंतर मूल्यांकन समिती येणार होती आणि तिच्या अर्जात माजी विद्यार्थ्यांच्या गौरवाचा एक रकाना होता. जिमखान्याच्या ज्या खोलीत फाटक्या मॅट आणि हवा गेलेले चेंडू पडलेले असत, ती रिकामी करून रंगवायची होती. महाविद्यालयाकडे कप होते, फोटो नव्हते. माझ्याकडे फोटो होते. मी तीस वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर होतो. कणकवलीचं कार्यालय बंद झालं तेव्हा तिथले कात्रणांचे आणि फोटोंचे दोन खोके मी घरी आणले, कारण ते रद्दीत जाणार होते.

दालनाच्या निवड समितीत आम्ही पाच जण होतो. निवडीवर फारसा वाद झाला नाही. प्रशिक्षकांत सर पहिले, यावर तर कुणी चर्चाही केली नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचं अजिंक्यपद या महाविद्यालयाला एकदाच मिळालं आहे आणि ते सरांच्या मुलींनी मिळवलं आहे. त्या संघाचा फोटो माझ्या खोक्यात होता. मागे पेन्सिलीनं बारा नावं होती, माझ्या अक्षरात. मी ती बाराही टाइप करून पाठवली. तिसऱ्या नावापाशी थांबलो नाही.

नोव्हेंबरात फलक छापून आले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवले गेले. चढाईपटूची धाकटी मुलगी त्याच महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ग्रंथालयाकडे जाताना तिला फोटोत आपली आई दिसली. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो घेतला.

दोन दिवसांनी त्या दोघी कणकवलीला माझ्या घरी आल्या. चढाईपटू आज त्रेपन्न वर्षांची आहे. नांदगाव स्टेशनपासून आत एका वाडीत राहते आणि काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसते. टरफलातल्या तेलानं तिच्या बोटांची कातडी काळी पडली आहे. ती खुर्चीच्या कडेवर बसली. मुलीनं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ह्यां तोंड कोणाचा?" आईनं विचारलं.

"तुमचं," मी म्हणालो.

"आणि नाव?"

मी ते वाचून दाखवलं.

"मगे?" ती म्हणाली.

मुलगी मधे बोलली. "काका, ही माका ल्हानपणापासून सांगता, मी कप जिकलंय म्हणान. आमी सगळी हसू. बाबा म्हणी, हो हो, तुजी आवस पंतप्रधान पण होती. आता फोटो गावलो, तर खाली त्या मावशीचा नाव."

"तू गप ऱ्हव गो," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, माका सत्कार नको. शाल तर नकोच, ह्या उकाड्यात शाल घालून खंय जावचा? माका माज्या तोंडाखाली माजा नाव होया. तितक्याच."

मी बघतो म्हणालो. वार्ताहर असताना जे लोक काहीतरी छापा म्हणून येत, त्यांनाही मी हेच म्हणत असे.

तेहेतीस वर्षांपूर्वी काय झालं, ते असं.

चढाईपटू बारावीला इंग्रजीत नापास झाली होती आणि कारखान्यात जाऊ लागली होती. महाशिवरात्रीला तिच्या वाडीत सामने होत. सरांनी तिथे तिचा खेळ पाहिला. डावा पाय मागे ठेवून ती समोरच्याला जवळ येऊ देई आणि तोच पाय मारून मध्यरेषेकडे वळे. असा पाय मारणारी मुलगी आपण पाहिली नव्हती, असं सरांनी मला नंतर अनेकदा सांगितलं. ती महाविद्यालयात नव्हती, म्हणून तिला खेळवता येत नव्हतं.

तिच्याच वाडीतली एक मुलगी महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती. हीच आजची कारकून. ती जिमखान्यात नाव नोंदवून असे, खेळत नसे. सरांनी तिचा पात्रतेचा अर्ज भरून घेतला. फोटोच्या चौकटीत मात्र चढाईपटूचा फोटो चिकटवला आणि मग अर्जांचा गठ्ठा प्राचार्यांच्या सहीला नेला. शिक्का निम्मा कागदावर आणि निम्मा फोटोवर बसतो, तसा तो बसला. खाडाखोड कुठेच नव्हती. त्या काळी ही पद्धत इतरही ठिकाणी होती. पकडलं जाई ते बहुधा नंतर फोटो बदलणाऱ्यांना. सरांनी आधी बदलला.

मग आठ दिवस मैदानावर मुली तिला दुसरीच्या नावानं हाका मारायला शिकल्या. ती ओ द्यायला शिकली. कारकून त्या दिवसांत घरीच होती. आजारी आहे, असं शेजाऱ्यांना सांगितलं होतं.

स्पर्धा दुसऱ्या जिल्ह्यात झाली. मी चोवीस वर्षांचा होतो आणि दैनिकानं मला संघाबरोबर पाठवलं होतं. उपांत्य सामन्यात चढाईपटू पकडीत अडकली, तेव्हा बाकावरून एका मुलीनं वेगळ्याच नावानं ओरडून तिला सुटायला सांगितलं. मी ऐकलं. वहीत लिहिलं नाही. अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला आमचा संघ दोन गुणांनी मागे होता. तिनं तीन गडी मारले. बक्षीस समारंभात उत्कृष्ट चढाईपटूचं नाव पुकारलं, ती पाणी पीत उभी राहिली. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा कर्णधारानं तिला कोपर मारलं. पुरस्कारासाठी दोनदा नाव पुकारावं लागलं, इतकी ही खेळाडू लाजाळू आहे, असं मी बातमीत लिहिलं.

परतीच्या गाडीत मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "तू खेळाचं लिहितोस न्हवं? मग गुण लिही."

मी गुण लिहिले. नाव गुणपत्रकावरून घेतलं. बातमी चार कॉलम लागली.

प्रमाणपत्रावर त्या काळी फोटो नसे. ते टपालानं कारकुनीच्या घरी गेलं. पुढच्या वर्षी खेळाडूंना प्राधान्य असलेली एक सरकारी भरती निघाली आणि तिच्यात ती नोकरीला लागली. चढाईपटूचं लग्न स्पर्धेनंतर आठ महिन्यांनी झालं. सासरी कबड्डीबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिच्याजवळ दाखवायला कागद नव्हता.

आमच्या धंद्यात एका माणसाच्या सांगण्यावर बातमी होत नाही. मायलेकी येऊन गेल्यावर मी आधी सरांकडे गेलो.

सर घाटावरचे. नोकरीसाठी उतरले आणि इथेच राहिले. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत. वैभववाडीत मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामागच्या घरात ते असतात. दोन्ही गुडघे गेले आहेत. मी गेलो तेव्हा पडवीत खुर्चीवर बसून ते सुनेला कुंडी कुठे ठेवायची ते सांगत होते.

"काय रे बातमीदार," ते म्हणाले. "माझा फोटो कुठला लावताय?"

"ट्रॅकसूटमधला. गळ्यात शिट्टी आहे तो."

"त्यात पोट दिसतंय. दुसरा बघ."

मी दुसरा बघतो म्हणालो आणि चढाईपटूचं सांगितलं. त्यांनी सुनेला चहा करायला आत पाठवलं.

"कशी हाय ती?"

"काजू फोडते."

"इंडिया खेळली असती," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "खेळलीच असती."

"तिला तिचं नाव हवं आहे, सर."

"तसलं काय लिहू नको बघ."

"फोटोत ती आहे."

"मला न्हाई होय माहीत? मीच उभी केलीय तिथं." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "हे बाहेर आलं की कप गेला. अकरा पोरींचं काय चुकलं? आन माझा फोटो तिथं लावताय, तो कशाच्या जोरावर लावताय? त्याच एका कपाच्या. बाकी बावीस वर्षं मी नुसत्या मॅट झाडल्या."

"तिला तेव्हा काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, की पुढच्या वर्षी तुला बारावी पास करतो. रीतसर ॲडमिशन घेऊ. मग खेळ तुझ्या नावानं."

"मग?"

"मग तिचं लगीन ठरलं. मी काय मांडवात जाऊन शिट्टी मारायची व्हती?"

चहा आला. निघताना ते म्हणाले, "उद्घाटनाला गाडी पाठवा म्हणावं. एस.टी. चढता येत न्हाई मला."

कारकुनीला मी तिच्या कार्यालयात भेटलो. टेबलापाशी उभं राहून विषय काढल्यावर ती म्हणाली, "आपण कृपया बाहेर थांबता का? मी दहा मिनिटांत येते." बाहेरच्या चहाच्या टपरीमागे आल्यावर तिची भाषा बदलली.

"दादा, माजी तीन वर्षां ऱ्हवली हत रिटायर होवक."

"मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही."

"माजा काय चुकला ता तरी सांगा. सरांनी फॉर्म मागल्यानी, मी दिलंय. सर्टिफिकेट घरी इला, बापाशीन अर्जाक जोडल्यान. मी बावीस वर्षांची होतंय. माका कोणी विचारूक नाय आणि मी पण कोणाक विचारूक नाय."

"तिला आपलं नाव हवं आहे."

"तिचा नाव मी खंय घेतलंय?" ती म्हणाली. "ता माजाच नाव आसा. जल्मापासून माजाच आसा. ता मी कोणाक देव कसा?"

ती म्हणाली की दर चतुर्थीला दोघी माहेरी येतात, एकमेकींकडे गौरीची ओवसणी, म्हणजे वाणाची सुपं, घेऊन जातात, आणि इतक्या वर्षांत हा विषय एकदाही निघालेला नाही. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण समोरून तिच्या कार्यालयातले दोघे चहाला येत होते. त्यांना ती हसून म्हणाली, "आमच्या गावचे पत्रकार. सहज आलेत."

त्या आठवड्यात मी नांदगावला गेलो. कारखाना साडेपाचला सुटतो. चढाईपटू मागच्या दारी हातांना खोबरेल चोळत बसली होती. बियांचं तेल निघावं म्हणून त्या सगळ्या बायका तसं करतात. मी तिला सर काय म्हणाले आणि कारकून काय म्हणाली ते क्रमानं सांगितलं. चौकशी झाली तर नोकरी जाऊ शकते, पेन्शन अडकू शकतं, हेही सांगितलं.

"तिची नोकरी जाव नये," ती लगेच म्हणाली.

"मग तुमचं नाव लावता येणार नाही."

"माजा नाव येवचा आणि तिची नोकरी पण ऱ्हवाची. दोनय होवचा नाय?"

"नाही."

"तुमी लिवतास ना? शिकलेली माणसा तुमी. काय तरी असा लिवा, जेच्यात दोनय बसतला."

मी तीस वर्षं लिहिलं आहे. तसं वाक्य मला करता येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. मुलगी दारात उभी होती. ती आईला म्हणाली, "तू कित्याक गप बसतस? ती काय तुज्यासाठी गप बसली काय?"

"गो, तिच्या पोराचा लगीन ठरला हा," आई म्हणाली.

नंतर ती बराच वेळ हात चोळत राहिली. मग म्हणाली, "मगे नाव लिवू नका. कोणाचाच लिवू नका. नुसतो फोटो ऱ्हवांदे. खाली संघ म्हणान लिवा. बगणारो बगीत."

मी ते समितीपुढे मांडलं, माझी सूचना म्हणून. संघांच्या फोटोंखाली नावं दिली तर अक्षर बारीक होतं, वाचता येत नाही, म्हणून फक्त संघ आणि स्पर्धा द्यावी, असं कारण दिलं. पाच मिनिटांत मंजूर झालं. संघांचे चार फलक पुन्हा छापले गेले. मी चढाईपटूला फोन केला. "बरा झाला," ती म्हणाली आणि तिकडे यंत्राचा आवाज होता म्हणून फोन ठेवला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्या संघाची कर्णधार पुण्याहून आली. बरोबर नवरा, दोन मुलं, सून. ती थेट दालन बघायला गेली. फ्रेमखाली नावं नाहीत, हे पाहून ती प्राचार्यांच्या खोलीत गेली. संध्याकाळी मला बोलावणं आलं. मी कर्णधाराला व्हरांड्यात बाजूला घेतलं. तिला सगळं माहीत होतं. मैदानावर कोपर तिनंच मारलं होतं.

"तिच्या एकटीसाठी आमी अकरा जणींनी बिननावाचा ऱ्हवाचा काय?" ती म्हणाली. "माजी सून इली हा बगूक. तिका मी काय दाखवू, बोटान?"

"अकरा नावं लिहिता येतील."

"आणि बारावी? लोक मोजतत, दादा. बारा तोंडा आणि अकरा नावा. कोणतरी विचारतलोच."

तिचा मुद्दा बरोबर होता. कार्यालयानं जुन्या प्रमाणपत्रांच्या यादीवरून बारा नावं काढली. शनिवारी सकाळी दहा वाजता नावांची पट्टी नवव्या फ्रेमखाली चिकटवली गेली. तिचा मजकूर तपासायला माझ्याकडे आला होता. मी दोन आडनावांचे ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि परत दिला.

चढाईपटू मुलीबरोबर आली होती. पट्टीचं तिला माहीत नव्हतं. मी फोन केला नव्हता. ती पोपटी साडी नेसली होती आणि मंडपात शेवटच्या रांगेत बसली. निमंत्रण तिच्या नावानं गेलं नव्हतं, जाण्यासारखं नव्हतंच. कारकुनीला गेलं होतं. आपण आलो नाही तर लोक कारण विचारतील, म्हणून आले, असं तिनं मला गेटवर सांगितलं.

सरांना गाडीनं आणलं. दोघांनी धरून व्यासपीठावर बसवलं. त्यांच्या फ्रेममधला फोटो मी बदलला होता, तो त्यांना पसंत पडला. भाषणात ते चार मिनिटं बोलले. शेवटच्या चढाईचं वर्णन त्यांनी हातानं करून दाखवलं, डावा पाय कसा मागे होता तेसुद्धा. समोर बसलेल्या चढाईपटूकडे त्यांनी पाहिलं की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी व्यासपीठाच्या दुसऱ्या बाजूला होतो.

त्यानंतर संघातल्या हजर खेळाडूंना वर बोलावलं. सात जणी होत्या. उत्कृष्ट चढाईपटू म्हणून कारकुनीला वेगळं पुढे घेतलं. शाल आणि श्रीफळ दिलं. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला. ती माइकपाशी गेली आणि म्हणाली, "सगळं सरांमुळे."

टाळ्या झाल्या. मग पाहुणे दालनात गेले. फोटोग्राफरनं कारकुनीला नवव्या फ्रेमशेजारी उभं केलं. प्रमुख पाहुणे फोटोकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुमी कितक्या बदललात! ओळखूकच येणास नाय!"

सगळे हसले. कारकूनही हसली. दाराशी चढाईपटू आणि तिची मुलगी उभ्या होत्या. मुलगी पुढे निघाली, तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं. पकडीतल्यासारखं नव्हे, साधंच धरलं, पण मुलगी थांबली. त्या दोघींनी फोटो पाहिला, पट्टी पाहिली आणि बाहेर पडल्या. जेवणाला थांबल्या नाहीत.

मी त्यांच्यामागे गेटपर्यंत गेलो. पट्टी कशी आली ते सांगू लागलो. तिनं मला पुरं बोलू दिलं.

"पट्टीचा मी काय म्हणणय नाय," ती म्हणाली. "ती पोरा पण खेळली हत. पण तिना शाल घेवक नको होती. मी नाव सोडलंय ना, दादा? तिना शाल सोडूक होई होती. नुसता म्हणाचा, माका नको. कारण कोण विचारतलो होतो?"

"गोंधळली असेल."

"व्हयतर. तेवा मी पण गोंधळलंय." ती एस.टी.च्या थांब्याकडे बघत होती. "तीन वर्षां म्हणता ती. तीन वर्षांनी पट्टी बदलतलास?"

मी हो म्हणालो नाही. ज्या गोष्टीची खात्री नाही ती सांगायची सवय मला नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिनं महाविद्यालयाकडे अर्ज केला. कुणाचा सल्ला घेतला नव्हता. मलाही नंतर कळलं. अर्ज वहीच्या पानावर आहे, अक्षर तिचं आहे. त्यात कुणावर आरोप नाही, कारकुनीचा उल्लेख नाही, सरांचा नाही. तिनं लिहिलं आहे की नवव्या फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी आहे ती मी आहे, आणि तसं कुठेतरी लिहून ठेवावं. खाली पूर्ण नाव, माहेरचं आणि सासरचं.

प्राचार्य या महाविद्यालयात चार वर्षांपूर्वी आले. त्यांना अर्जाचा अर्थ लागेना. त्यांनी जुन्या प्रवेश नोंदवह्या काढायला लावल्या. सरांच्या घरी फोन केला. सरांना जानेवारीअखेर अर्धांगाचा झटका आला होता आणि बोलणं कळण्यासारखं राहिलं नव्हतं, असं मुलानं सांगितलं. मग त्यांनी मला बोलावलं. फोटो माझ्या संग्रहातला, बातमी माझी, मजकूर माझा.

"आपल्याला या बाईंबद्दल काही माहिती आहे का?" त्यांनी विचारलं. "मूल्यांकन समिती पुढच्या आठवड्यात येतेय. नंतर काही निघायला नको."

त्यांच्या टेबलावर अर्ज होता. शेजारी माझ्या जुन्या बातमीची झेरॉक्स होती.

"माझ्याकडे कागद नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्यांनी मान हलवली, अर्जावर काहीतरी टिपलं आणि मला चहा विचारला. मी चहा घेतला.

मूल्यांकन समिती आली. तिनं दालनात पंधरा मिनिटं घालवली आणि उपक्रमाची प्रशंसा केली, असं महाविद्यालयाच्या अहवालात आहे. कारकून नोकरीत आहे. तिच्या मुलाचं लग्न मे महिन्यात आहे आणि त्याची पत्रिका चढाईपटूच्या घरी पोचली आहे. मला मुलीनं सांगितलं. आई जाणार का, असं मी विचारलं. मुलगी म्हणाली, "जातली. न जावन सांगतली काय?"

अर्जाचं उत्तर मार्चमध्ये तयार झालं. त्यात तीन वाक्यं आहेत. सदर फोटोतील खेळाडूंची नावे अभिलेखानुसार नमूद केलेली आहेत. आपण या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी असल्याची नोंद आढळून येत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

पत्र मुलीकडे देत होते, तिनं घेतलं नाही. कार्यालयानं निरोप पाठवला. चढाईपटू एका सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्वतः गेली. लिपिकानं जावक नोंदवही पुढे केली. तिनं तिच्यात आपल्या नावानं सही केली आणि पत्र घेतलं.